‘कच्च्या’ मुलांची यादी आणि चारनंतरचा तास

वाचकाचे पत्र, थोडक्यात : सांगली जिल्ह्यातील एका फार्मसी कॉलेजात बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजी (औषधे शरीरात कसे काम करतात, हा विषय) शिकवणाऱ्या एका अध्यापिकेने हे पत्र पाठवले आहे. पहिल्या सेशनलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत, कमी गुण मिळालेल्या मुलांची यादी प्राचार्यांच्या सूचनेवरून सूचना फलकावर लागली आणि त्यांच्यासाठी दुपारी चारनंतर रेमेडियलचा (कच्चे राहिलेले भरून काढण्याचा) तास सुरू झाला. निम्मी मुले येत नाहीत आणि आलेली एसटीच्या वेळेकडे डोळे लावून बसतात. तोच धडा पुन्हा शिकवून काही साधत नाही, हे पाहून बाईंनी मोबाइलवरची प्रश्नमंजूषा सुरू केली. सुरुवातीला वर्ग रंगला, पण नंतर तीच चार मुले जिंकू लागली आणि बाकीची गप्प झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये ‘ही काय बालवाडी आहे का?’ असे विचारले. बाईंचे प्रश्न दोन आहेत. खेळ बंद करून सरळ ‘आयएमपी’ (परीक्षेला हमखास येणाऱ्या) प्रश्नांच्या नोट्स द्याव्यात का? आणि ही मुले मुळात फार्मसीला यायलाच नको होती, असे जे म्हटले जाते ते खरे मानावे का?

प्रिय मॅडम,

तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी थांबलो. तक्रारीच्या ओघात तुम्ही लिहिले आहे की, तीच चार मुले दर वेळी जिंकतात. मला विचारावेसे वाटते की, फार्माकॉलॉजीच्या प्रश्नांना पटापट अचूक उत्तरे देणारी ही चार मुले ‘कच्च्या’ मुलांच्या यादीत आलीच कशी? पुढे तुम्ही ओझरते सांगितले आहे की, त्यांपैकी दोघे डी. फार्म. ही पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले आहेत आणि संध्याकाळी मिरजेत मेडिकल दुकानात काम करतात. म्हणजे औषध त्यांना माहीत आहे, ते कशासाठी द्यायचे हेही माहीत आहे, आणि तरीही सेशनलच्या उत्तरपत्रिकेत ते उमटत नाही. त्यांची अडचण आणि शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलीची अडचण यांत काहीही साम्य नसताना दोघांनाही एकाच यादीत घालून एकच तास दिला गेला आहे. तेव्हा खेळ ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ती यादी कशावरून तयार झाली, हा पहिला.

एकूण गुणांवरून केलेली यादी आपल्याला कोण मागे आहे एवढेच सांगते, तो कशामुळे मागे आहे हे सांगत नाही. फार्मसीच्या वर्गात तर ही कारणे इतर शाखांपेक्षा अधिक पसरलेली असतात. बारावीला गणित घेतलेला विद्यार्थी, जीवशास्त्र घेतलेली विद्यार्थिनी आणि डी. फार्म.नंतर थेट तिसऱ्या सत्रात दाखल झालेला मुलगा हे तिघे एकाच बाकावर बसतात. फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमालाही हे ठाऊक आहे. म्हणूनच पहिल्या सत्रात बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांसाठी ‘रेमेडियल बायॉलॉजी’ आणि गणित नसलेल्यांसाठी ‘रेमेडियल मॅथेमॅटिक्स’ असे विषय ठेवलेले आहेत. एका सत्रात अकरावी-बारावीची दोन वर्षे भरून निघतील, ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुले तर त्या पहिल्या सत्राला नव्हतीच. त्यातच आपल्याकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागांतील कित्येक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून येतात आणि इथे पाठ्यपुस्तक, व्याख्यान, प्रश्नपत्रिका सगळे इंग्रजीतून असते. नॅकच्या मूल्यांकनात कॉलेजे ‘स्लो लर्नर’ मुलांसाठी काय करतात हे विचारले जाते, आणि त्या प्रश्नाला उत्तर म्हणून फाइलमध्ये अशा याद्या लागतात. त्यात गैर काही नाही, फक्त फाइलसाठी केलेली यादी शिकवण्यासाठी पुरत नाही.

म्हणून सर्वांत आधी एक छोटी पडताळणी करा. एकच प्रश्न घ्या, समजा, दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉल (रक्तदाबावरचे बीटा-ब्लॉकर औषध) का देऊ नये? तो इंग्रजीतून लेखी विचारा. ज्यांना जमला नाही, त्यांना तोच प्रश्न जवळ बसवून मराठीत तोंडी विचारा. ज्यांना तोही जमला नाही, त्यांच्यासमोर श्वासनलिकेची आणि हृदयाची साधी आकृती काढून बीटा-१ आणि बीटा-२ रिसेप्टर (पेशींवरच्या ज्या जागी औषध बसते त्या जागा) कुठे असतात, हे बोटाने दाखवायला सांगा. पहिल्या पायरीवर अडून दुसरीवर उत्तर देणारा मुलगा भाषेत अडला आहे. दुसरीवर अडून आकृतीवर बरोबर बोट ठेवणाऱ्या मुलीला मूळ रचना ठाऊक आहे, पण औषधाशी तिचा धागा जुळलेला नाही. आकृतीवरही जो गोंधळतो, त्याची फार्माकॉलॉजी सध्या बाजूला ठेवा. त्याला पहिल्या वर्षाच्या ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीपर्यंत मागे न्यावे लागेल, आणि तिथे न जाता बीटा-ब्लॉकर कितीही वेळा शिकवला तरी तो त्याच्यासाठी पाठ करायचा एक शब्दच राहील. तुमच्या यादीतल्या मुलांची ही पडताळणी प्रॅक्टिकलच्या तासांत, एका वेळी दोघा-तिघांना बोलावून आठवड्याभरात सहज होईल. त्यासाठी वेगळा तास लावू नका.

आकडेमोडीचीही अशीच एक चाचणी घ्या, कारण गणितात अडलेला विद्यार्थी ते सहसा कबूल करत नाही आणि आपणही फार्माकॉलॉजीत ते तपासत नाही. 10 किलो वजनाच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम द्यायचे आहे. एका सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम औषध आहे आणि दुसऱ्यात 5 मिलिलिटरला 250. दोन्हींतून किती मिली द्याल? उत्तर अनुक्रमे 6 आणि 3 मिलिलिटर आहे. ज्याचे दोन्हींचे उत्तर एकच येते, तो उद्या काउंटरवर एखाद्या लेकराला दुप्पट मात्रा देऊ शकतो, म्हणून ही अडचण सेशनलच्या गुणांपेक्षा कितीतरी अधिक निकडीची समजा.

आता हजेरीबद्दल. फलकावरची यादी काढून टाका, ही माझी विनंती आहे, आणि प्राचार्यांना ती पटवणे अवघड जाऊ नये. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींना आपले नाव ‘कच्च्या’ मुलांत सगळ्या कॉलेजने वाचावे, हे सहन होत नाही. न येणाऱ्या मुलांपैकी काही एसटीमुळे नव्हे, तर त्या तासाला जाताना कुणी पाहू नये म्हणून येत नसतील. तासाचे नाव ‘शंका-तास’ ठेवा आणि तो सर्वांना खुला करा. ज्यांची खरी गरज आहे, त्यांना एकेकाला गाठून, ‘बुधवारी ये, तुझ्या पेपरातले दोन प्रश्न आपण पाहू’ एवढेच सांगा. वेळही बदला. चार वाजता सुरू होणारा तास तासगाव किंवा जतच्या बाजूला परतणाऱ्या मुलासाठी घरी पोहोचायला अंधार करणारा असतो, आणि मुलींच्या बाबतीत घरचे त्याला हरकत घेतात, यात नवल नाही. जेवणाच्या सुट्टीआधीची चाळीस मिनिटे आठवड्यातून दोनदा मिळाली, तरी ती चारनंतरच्या रोजच्या तासापेक्षा जास्त उपयोगी पडतील. आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, तरी वेळापत्रक करताना ती विसरली जाते : चौथे सत्र साधारण द्राक्षांच्या आणि बेदाण्याच्या हंगामात येते. त्या दिवसांत तासगाव, सावळज भागातील विद्यार्थी घरच्या बागेत किंवा बेदाण्याच्या शेडवर असतील, तर त्यांना निष्काळजी ठरवण्याआधी घरी काय चालले आहे ते विचारावे. संध्याकाळी दुकानात काम करणाऱ्या तुमच्या त्या दोघांबद्दलही माझे हेच मत आहे. ज्या भागात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत रुजवली, तिथे काम करून शिकणाऱ्या मुलाला ‘अभ्यासात लक्ष नाही’ असे म्हणणे शोभत नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. आयएमपी प्रश्नांच्या नोट्सना मी सरसकट नावे ठेवणार नाही. बी. फार्म.ला उत्तीर्ण होण्यासाठी 50 टक्के लागतात, एटीकेटीची टांगती तलवार असते, आणि परीक्षा पंधरा दिवसांवर आली असताना घाबरलेल्या मुलीच्या हातात दहा नेमके प्रश्न देणे ही मदतच आहे. पण ती तेवढ्यापुरती. फार्माकॉलॉजी चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या सत्रांत चढत जाते. पहिल्या भागातले रिसेप्टर ज्याने केवळ पाठ करून उरकले, तो पुढे प्रत्येक सत्रात नव्याने अडतो. शिवाय नोट्स पुन्हा पुन्हा वाचल्याने विषय येतो असे वाटत राहते, तो येतोच असे नाही. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुढे होते. पण आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत, उतारा एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणारे विद्यार्थी पुढे गेले. म्हणून नोट्स द्यायच्याच असतील, तर त्या द्या आणि लगेच मिटायला लावा, मग कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायला सांगा. भाषेत अडलेल्या मुलांनी आधी मराठीत सांगावे आणि नंतर तेच पाच छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहावे. औषधाचा गट, कुठे काम करते, काय परिणाम होतो, कशासाठी देतात, कुणाला देऊ नये. ही पाच वाक्ये कुठल्याही औषधाला लागू पडतात, आणि तुमच्या त्या चार विजेत्यांना मला वाटते एवढेच हवे आहे.

खेळ बंद करू नका, पण मोबाइलवरची ती प्रश्नमंजूषा जशी आहे तशी चालू ठेवू नका. तिथे गुण वेगाला मिळतात. इंग्रजी वाक्य सावकाश वाचणाऱ्या मुलाला प्रश्न कळेपर्यंत दुसऱ्याने उत्तर दिलेले असते, ज्याच्या मोबाइलला नेटवर्क नाही तो तर सुरुवातीलाच बाद, आणि पडद्यावर नावांची उतरंड पाहून खालच्या मुलांना फलकावरची यादीच पुन्हा दिसते. वेळेची मर्यादा काढून टाका, दोघांत एक मोबाइल द्या, नावे लपवा आणि कुणी किती गुण मिळवले यापेक्षा कोणते चुकीचे उत्तर सर्वाधिक निवडले गेले, यावर पाच मिनिटे बोला. तुमच्यासाठी तेवढीच माहिती मोलाची आहे.

याहून चांगला खेळ खुर्च्यांचा आहे. वर्गात तीन-चार खुर्च्यांवर ‘बीटा-१, हृदय’ आणि तेवढ्याच खुर्च्यांवर ‘बीटा-२, श्वासनलिका’ अशा चिठ्ठ्या लावा. मुलांच्या शर्टवर औषधांची नावे लावा. ॲड्रिनॅलिन दोन्हींकडे बसू शकते आणि बसले की काम करते. बीटा-१ वर बसलेल्याने जोरात टाळ्या वाजवायच्या, बीटा-२ वर बसलेल्याने दोन्ही हात पसरायचे. दम्यावरचे साल्ब्युटामॉल मुख्यतः बीटा-२ वर बसेल. प्रोप्रानोलॉल दोन्हीकडच्या खुर्च्या अडवेल आणि हाताची घडी घालून बसेल. आता दम्याचा रुग्ण म्हणून एकाला उभे करा आणि साल्ब्युटामॉलला त्याच्या मदतीला पाठवा. त्याला बसायला खुर्चीच सापडत नाही, हे वर्ग डोळ्यांनी पाहतो. मग साल्ब्युटामॉलची संख्या वाढवा आणि नियम असा करा की जास्त संख्येपुढे प्रोप्रानोलॉलला उठावे लागते. स्पर्धात्मक विरोध म्हणजे काय, हे आकृतीशिवाय कळते. ॲटेनोलॉलला बीटा-१ वर बसवा, पण ॲटेनोलॉलची मुले वाढवत नेली की एखादा बीटा-२ च्या खुर्चीवरही जाऊन बसेल; मात्रा वाढली की निवडकपणा कमी होतो आणि म्हणून दम्याच्या रुग्णाबाबत तिथेही सावधगिरी लागते, हे सांगायला तुम्हाला वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही. शेवटी दोन खुर्च्यांवर ‘अल्फा’ लिहा, रिसेप्टरला कायमचे चिकटणाऱ्या फिनॉक्सिबेन्झामीनला तिथे बसवून ओढणीने खुर्चीला बांधा, आणि नॉरॲड्रिनॅलिन कितीही आले तरी तो उठत नाही हे पाहू द्या.

या खेळात कुणी जिंकत नाही, म्हणून तो मला आवडतो. ज्या मुलीला काही येत नाही तिलाही खुर्ची निवडावीच लागते, आणि ती चुकीच्या खुर्चीकडे वळली त्या क्षणी तिची नेमकी गफलत तुम्हाला दिसते, जी उत्तरपत्रिकेतल्या कोऱ्या जागेवरून कधीच दिसली नसती. फक्त खेळ संपल्यावर लगेच प्रत्येकाकडून त्या पाच वाक्यांत लिहून घ्या. जिथे हे लिहिणे होत नाही, तिथे खेळ आवडतो आणि गुण वाढत नाहीत, आणि मग सहकाऱ्यांच्या शेऱ्याला उत्तर देणे अवघड होते.

पत्त्यांत गुलामचोर सगळ्यांना येतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांवर औषधांची नावे लिहा. एकाच गटातील दोन औषधांची जोडी झाली की पत्ते खाली टाकायचे. ॲटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल, प्राझोसिन आणि टेराझोसिन, लिडोकेन आणि ब्युपिव्हकेन, डायझेपाम आणि लोराझेपाम. नावांच्या शेवटावरून गट ओळखण्याची सवय यातून लागते. गुलाम म्हणून कार्बामाझेपिन ठेवा, कारण डायझेपामशी त्याची जोडी लावण्याचा मोह हमखास होतो, आणि ते त्या गटातले नाही. दोघांनी मिळून एक हात खेळावा, म्हणजे कुणी एकटे पडणार नाही.

तिसरा खेळ काउंटरचा, आणि तो थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांच्या हाती सोपवा. त्यांना प्रिस्क्रिप्शनवरचे टीडीएस (दिवसातून तीनदा), एचएस (झोपताना), एसओएस (गरज पडल्यास) रोजच्या सरावाने येते, गिऱ्हाइकाशी कसे बोलावे ते येते. बाकीचे त्यांच्याकडून शिकतील. त्यांनी बनावट प्रिस्क्रिप्शने आणावीत आणि त्यांत जाणूनबुजून खड्डे ठेवावेत : हायड्रॉक्सिझीन लिहिले असता हायड्रॅलझीनची पट्टी पुढे ठेवावी, म्हणजे ॲलर्जीच्या औषधाऐवजी रक्तदाबाचे औषध जाण्याचा धोका कळेल, शेड्यूल एच-१ (विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांची यादी) मधले अँटिबायोटिक मागावे आणि रजिस्टरमध्ये रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव व पत्ता, औषध आणि दिलेली संख्या नोंदवायला विसरणाऱ्याला थांबवावे. मार्च 2014 पासून हे रजिस्टर ठेवणे आणि नोंदी तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. वर्गात ज्यांना आजवर ‘डिप्लोमावाले’ म्हणून मागे बसवले गेले, ते इथे पुढे येतात, आणि त्याचा परिणाम पुढच्या सेशनलवर तुम्हाला दिसेल.

सहकाऱ्यांशी वाद घालू नका. कौन्सिलच्या नियमांतच थिअरीच्या 25 अंतर्गत गुणांपैकी 10 गुण सातत्यपूर्ण मूल्यमापनासाठी आहेत आणि त्यातल्या उपक्रमांत क्विझ, ओपन बुक टेस्ट, गटचर्चा, सेमिनार यांची नावे घेतलेली आहेत. बालवाडीचा मुद्दा एवढ्यानेच मिटावा. मात्र या खेळांना गुण जोडू नका. गुण आले की चुकण्याची भीती येते, आणि तुम्हाला तर त्यांची चूक पाहायची आहे.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या यादीत एखादा विद्यार्थी असा असूही शकतो की ज्याला औषधांत खरोखर रस नाही आणि जो नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून घरच्यांच्या सांगण्यावरून इथे आला. पण तो कोण हे सेशनलच्या गुणांवरून ठरत नाही. भाषेची, गणिताची, मूळ जीवशास्त्राची अडचण तपासून दूर करण्याचा प्रयत्न झाल्यावरही ज्याचे मन लागत नाही, त्याच्याशी एकांतात बोला. फार्मसीत मार्केटिंग आहे, उत्पादन आहे, गुणवत्ता तपासणी आहे, केवळ फार्माकॉलॉजी नाही, हेही त्याला कळू द्या. पालकांना बोलवायचे तर त्याला आधी विचारा. आणि जो अचानक यायचाच बंद झाला, जेवत-बोलत नाही असे मित्र सांगतात, त्याच्याबाबतीत अभ्यासाचा विषयच काढू नका. समुपदेशकाकडे न्या, कॉलेजात ती सोय नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

हे सगळे एकट्याने एका सत्रात करणे तुम्हाला शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. एक खेळ निवडा, मी खुर्च्यांचा निवडेन, आणि पडताळणी पूर्ण करा. प्राचार्यांसाठी हजेरीच्या रजिस्टरमध्ये सहीच्या पुढे दोन रकाने वाढवा : हा विद्यार्थी कुठे अडला होता, आणि आता काय करू शकतो. दुसऱ्या सेशनलची उत्तरपत्रिका तपासताना तो रकाना शेजारी ठेवा. ज्यांच्या नोंदीत ‘भाषा’ लिहिले आहे त्यांची पाच वाक्ये तरी पूर्ण झाली आहेत का, एवढेच या वेळी पाहा. ॲनाटॉमीपर्यंत मागे न्यावे लागलेल्या मुलांचे गुण वाढायला पुढचे सत्र उजाडेल, हे त्यांना आणि प्राचार्यांना आजच सांगून ठेवा.